बाभळीचा काटा आणि कुलूपबंद कपाट

आमच्या माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या खोलीत एक काचेचे कपाट होते. गाव तालुक्याचे, आणि काळ १९९० च्या दशकातला. कपाटात काय काय होते ते मला आजही सांगता येईल. एक सोनोमीटर, एक ऱ्हिओस्टॅट, पितळी पारड्यांचा नाजूक तराजू, दोन गॅल्व्हानोमीटर, आणि लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली वजने. शिपाईकाका दर शनिवारी काचा बाहेरून पुसत. कपाटाचे कुलूप उघडलेले मी पाच वर्षांत एकदाच पाहिले, ते शाळेच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी.

प्रयोग आम्ही फळ्यावर केले. ओहमच्या नियमाची निरीक्षणे सर फळ्यावर लिहीत, आम्ही ती प्रयोगवहीत उतरवून घेत असू. विभवांतराला विद्युतधारेने भागले की दरवेळी तंतोतंत तेच उत्तर यायचे. निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो हे मला पुढे पदवीच्या प्रयोगशाळेत समजले, आणि चांगलाच धक्का बसला.

पुष्कळ वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, त्यांना भेटायला गेलो. बोलता बोलता मी विचारले, "सर, ते कपाट तुम्ही कधी उघडलं का नाही?"

सर हसले. म्हणाले, "अरे, डेडस्टॉक रजिस्टर माझ्या नावावर होतं. गॅल्व्हानोमीटरची काच फुटली असती तर वसुली माझ्या पगारातून. साठ पोरांच्या वर्गात ते मी कसं देणार होतो, तूच सांग."

मला काही सांगता आले नाही. शाळेत भौतिकीचे प्रयोग का होत नाहीत, असे विचारले की 'पैसे नाहीत' हे उत्तर आपण सगळेच देतो. पण आमच्या शाळेत कोणे एके काळी पैसे मिळालेले होते, साहित्यही आलेले होते. ते हाताळण्याची मोकळीक मात्र कोणालाच नव्हती. कमी खर्चात प्रयोग करण्याच्या चळवळीचा इतिहास पाहिला, तर ही मोकळीक मिळवण्याचा तो इतिहास आहे असे मला वाटते. त्यातली महत्त्वाची वळणे आपण पाहू.

गॅलिलिओची बादली

भौतिकीची सुरुवात महागड्या उपकरणांनी झालेली नाही. गॅलिलिओचा उतरत्या फळीचा प्रयोग आपण सर्वांनी शिकवलेला असतो. १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने त्याचे साहित्य बारकाईने सांगितले आहे. बारा हात लांबीची लाकडी फळी, तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच, खाच गुळगुळीत व्हावी म्हणून तिच्यात चिकटवलेला चर्मपत्राचा तुकडा, आणि काशाची एक गोळी. वेळ मोजायला घड्याळ नव्हते. उंचावर पाण्याचे मोठे भांडे ठेवले होते आणि त्याच्या तळाशी बारीक नळी बसवली होती. गोळी घरंगळत असेपर्यंत नळीतून पडलेले पाणी पेल्यात जमा करायचे आणि ते तराजूत तोलायचे. पाण्याच्या वजनांचे गुणोत्तर हेच काळाचे गुणोत्तर. हा प्रयोग आपण शंभर वेळा केला, असे तो सांगतो.

यात महाग काय होते? फक्त ते 'शंभर वेळा'. साहित्य सुताराकडचे आणि स्वयंपाकघरातले, पण मोजणी मात्र पुन्हा पुन्हा, चिकाटीने केलेली.

फॅरडेचेही तसेच. तो पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला माणूस. १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, तो लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळून. रोधक आवरणाची तार तेव्हा बाजारात सहज मिळत नव्हती. म्हणून त्याने तारेच्या फेऱ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घातले. आज ज्या तत्त्वावर कोयनेपासून चंद्रपूरपर्यंतची जनित्रे चालतात, ते तत्त्व सुतळी आणि कापडाच्या आधाराने सापडले.

पुढे भौतिकी जसजशी प्रौढ झाली तसतशी मोजमापे सूक्ष्म होत गेली, आणि पितळ, सागवान व काच वापरून सुंदर उपकरणे बनवणारे कारागीर पुढे आले. संशोधनासाठी ती आवश्यकच होती. घोटाळा झाला तो शाळांमध्ये. शाळेचे साहित्य म्हणजे विद्यापीठातल्या उपकरणाची छोटी प्रतिकृती, अशी समजूत रूढ झाली. प्रतिकृती महाग, म्हणून ती एकच घ्यायची. एकच, म्हणून ती शिक्षकांनी दाखवायची. आणि फुटली तर दुसरी येणार नाही, म्हणून तीही दाखवायची नाही. आमच्या कपाटाचा जन्म या साखळीत झालेला आहे.

उद्ध्वस्त शाळांसाठी एक पुस्तिका

ही साखळी तोडण्याचा एक मोठा प्रयत्न युद्धामुळे झाला. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले तेव्हा युरोपातल्या आणि आशियातल्या असंख्य शाळा बॉम्बवर्षावात जमीनदोस्त झाल्या होत्या. इमारती पुन्हा बांधल्या जात होत्या, मुले परत येत होती, पण प्रयोगशाळा नव्हत्या आणि नवे साहित्य पुरवू शकतील असे कारखानेही नव्हते. मग विज्ञान शिकवायचे कसे?

नुकत्याच स्थापन झालेल्या युनेस्कोपुढे हा प्रश्न आला. लंडनमधील एका शाळेचे विज्ञानशिक्षक जे. पी. स्टीफन्सन यांनी १९४८ मध्ये 'उद्ध्वस्त देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी सूचना' अशा अर्थाच्या नावाची एक पुस्तिका लिहिली. डबे, बाटल्या, तारा, खिळे, मेणबत्त्या अशा मिळेल त्या वस्तूंतून तराजू, दिवे, पंप, वर्णपटदर्शक कसे करावेत हे तिच्यात सांगितलेले होते.

पुस्तिका लिहिली तात्पुरत्या अडचणीसाठी; नवे साहित्य येईपर्यंत भागवून न्यावे, एवढाच हेतू. पण गंमत अशी झाली की, तिला खरी मागणी आली ती जिथे बॉम्ब पडलेच नव्हते अशा देशांतून! तिथल्या शाळांत साहित्य उद्ध्वस्त झाले नव्हते, ते मुळात कधी आलेच नव्हते. युद्धाने जी स्थिती युरोपात काही वर्षे आली, ती आपल्याकडे नित्याची होती. ही मागणी पाहून युनेस्कोने पुस्तिकेचा विस्तार केला, आणि १९५६ मध्ये विज्ञान-अध्यापनाचा 'सोर्स बुक' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि १९७३ मध्ये नवी, सुधारलेली आवृत्तीही आली. आज आपण 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून जे प्रयोग दाखवतो, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांचे मूळ त्या ग्रंथात सापडते.

याच सुमारास अमेरिकेतही शालेय भौतिकीची उलथापालथ सुरू झाली होती. एमआयटीमधील जेरॉल्ड झकारायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये 'पीएसएससी' हा भौतिकीचा अभ्यासक्रम तयार करायला घेतला. विद्यार्थ्यांनी स्वतः हाताळावे असे साधे साहित्य हा त्याचा एक आधार होता. १९६० च्या दशकात भारतात विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरे भरू लागली, त्यांतून हे वारे इकडेही आले.

पण पुस्तक असणे वेगळे आणि वर्गात प्रयोग होणे वेगळे. स्टीफन्सनची पुस्तिका शिक्षकाला 'कसे बनवावे' ते सांगत होती. बनवल्यावर ते अभ्यासक्रमात कुठे बसवावे, परीक्षेत त्याचे काय होणार, साहित्य संपले तर कोणाकडे मागावे, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचे होते. ते प्रश्न हातात घेणारा प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात झाला.

मुंबईहून होशंगाबादला

या प्रयोगाची एक मुळी मुंबईत आहे. अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकी शिकवण्याचा एक आराखडा १९६० च्या दशकात तयार केला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील, म्हणजे टीआयएफआरमधील, काही वैज्ञानिकांनी व्ही. जी. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने या पद्धतीचे काम मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत सुरू केले. पुढे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याची धुरा कुलकर्णींनीच सांभाळली, आणि केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर केलेले काम आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल.

दुसरी मुळीही टीआयएफआरमधलीच. अनिल सद्गोपाल हे रेणवीय जीवशास्त्रज्ञ तिथली नोकरी सोडून १९७१ च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. आज या जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम आहे. तिथे त्यांनी 'किशोर भारती' ही संस्था उभी केली. जिल्ह्यात रसूलिया येथे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' ही जुनी संस्था होतीच. या दोन संस्थांनी राज्यशासनाकडे एक मागणी केली : सहावी ते आठवीचे विज्ञान आम्हांला सरकारी शाळांत प्रयोगांतून शिकवून पाहू द्या. १९७२ मध्ये १६ शाळांसाठी परवानगी मिळाली, आणि होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. टीआयएफआरमधील यशपाल आणि व्ही. जी. कुलकर्णी यांच्यासारखे वैज्ञानिक त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही त्यात आले.

या मागणीतला 'सरकारी शाळा' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या निवडक शाळेत, निवडक मुलांना घेऊन हौसेने प्रयोग करणे अवघड नसते. इथे खेड्यातली साधी शाळा, तिथलाच शिक्षक आणि सरकारला परवडेल एवढाच खर्च, ही अट आधीपासून मान्य केलेली होती. कमी खर्च ही अडचण नव्हती, तो आराखड्याचा पाया होता.

काटा, काडी आणि रबरी नळी

होशंगाबादची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. फुलांचे आणि छोट्या जीवांचे भाग सोडवून पाहायला सुया लागतात. त्या मागवायच्या, तर हिशेब आला, गंज आला आणि हरवणे आले. मग सुईऐवजी बाभळीचा काटा वापरायचे ठरले. काटा टोकदार, ताठ, फुकट, आणि बाभूळ तर शाळेच्या कुंपणालाच. मोडला की दुसरा. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही!

हे उदाहरण जीवशास्त्रातले असले तरी सगळ्या विज्ञानाला लागू आहे. एखादी वस्तू किती रुपयांची, याबरोबरच ती मोडली तर काय होईल, हाही प्रश्न विचारायला हवा. काटा मोडला तर काही होत नाही. म्हणून तो मुलाच्या हातात जातो.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सर्व, म्हणजे दोनशेहून अधिक, माध्यमिक शाळांत गेला आणि 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके शासनाच्या पाठ्यपुस्तक यंत्रणेमार्फत छापली जाऊ लागली. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन एक तरुण अभियंता तिथे आला. त्याचे नाव अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या या अभियंत्याने सायकलच्या चाकातल्या हवेच्या झडपेवर बसवतात ती बारीक रबरी नळी घेतली, आगपेटीच्या काड्यांचे गूल खरवडून काढले, आणि नळीच्या तुकड्यांचे सांधे करून काड्या जोडल्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तर तो दाबून हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाने ढकलला की तिरका होतो. त्यात कर्णाची एक काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. आपल्या कैच्यांचे छप्पर आणि रेल्वेचा पूल त्रिकोणांनी का भरलेला असतो, ते मुलाच्या बोटांना आधी कळते. नळीच्या दोन तुकड्यांतून आरपार बाभळीचा काटा घातला की चार काड्यांचा सांधाही तयार होतो. पुन्हा काटाच!

गुप्तांच्या पुढच्या पुस्तकांतली साधी विद्युत मोटार अनेक शिक्षकांनी करून पाहिली असेल. एक विद्युतघट, त्याच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्याने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, घटावर ठेवलेले एक चुंबक, आणि इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे आठदहा वेढ्यांचे कडे. कड्याची दोन टोके पिनांच्या डोळ्यांत टेकवायची. सगळी खुबी आवरण खरवडण्यात आहे. एका टोकाचे इनॅमल पूर्ण काढायचे, दुसऱ्याचे फक्त एका बाजूने. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर कडे थोडे डोलते आणि थांबते. कारण अर्धा फेरा झाला की चुंबकाचा जोर कड्याला उलट दिशेने फिरवू लागतो. एका बाजूचे आवरण ठेवले की नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह तुटतो आणि कडे आपल्या वेगानेच पुढे जाते. दिक्परिवर्तकाचे काम काय, हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीवरून ज्यांना समजत नाही, त्यांना ते इथे समजते. तेही बहुधा मोटार पहिल्या प्रयत्नात *न* चालल्यामुळे.

चाळीस सेकंदांचा लंबक

स्वस्त साहित्यावर एक आक्षेप नेहमी येतो. 'यात अचूकता कुठे आहे? उत्तर चुकले तर मुले चुकीचेच शिकणार!' आक्षेप विचार करण्यासारखा आहे. मी माझ्या अनुभवातले एक उदाहरण देतो.

शिक्षकांच्या एका शिबिरात मी प्रत्येक गटाला दोरा आणि लिंबाएवढा एकेक दगड दिला. एक मीटर लांबीचा लंबक करा आणि २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजा, एवढेच सांगितले. अपेक्षित उत्तर जवळजवळ ४० सेकंद. आठ गटांची उत्तरे फळ्यावर लिहिली. बहुतेक ४० च्या आसपास, पण एका गटाचे ३८. आम्ही सर्वांनी त्या गटाला पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा ३८ च! तेव्हा मागे बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "त्यांचं मोजणं ऐका जरा." दगड सोडतानाच ते 'एक' म्हणत होते. म्हणजे 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलने १९ च झालेली. १९ आंदोलनांना लागतात ३८ सेकंद. सुरुवात 'शून्य' म्हणून करायला हवी होती.

मग दुसरा प्रश्न निघाला. दोऱ्याची लांबी कुठपर्यंत धरायची, दगडाच्या वरच्या टोकापर्यंत की मध्यापर्यंत? दगडाचा मध्य टोकाच्या खाली दोन सेंटिमीटरवर असेल, आणि आपण दोराच तेवढा एक मीटर धरला, तर गुरुत्व त्वरणाची किंमत ९.८ ऐवजी ९.६ येते. म्हणजे दोन टक्क्यांची चूक कोठून आली ते आपल्याला बोटाने दाखवता येते. लांबी पाव मीटर केली, तर वेळ पाव न होता निम्मा, २० सेकंद होतो. वर्गमुळाचा नियम दोरा आणि दगड यांनीच शिकवला.

आमच्या शाळेत फळ्यावरून उतरवलेल्या निरीक्षणांत एकही चूक नव्हती आणि म्हणून शिकण्यासारखेही काही नव्हते. दोऱ्याच्या लंबकात चुका होत्या, पण प्रत्येक चुकीला कारण होते आणि ते शोधता येत होते. अचूकता ही उपकरणाबरोबर विकत मिळणारी वस्तू नव्हे. आपले मोजमाप कितपत विश्वासार्ह आहे हे ओळखता येणे, ही अचूकतेची पहिली पायरी आहे. माझ्या प्रयोगशाळेत आज लाखो रुपयांची उपकरणे आहेत. नवा विद्यार्थी आला की त्यालाही मी हेच शिकवतो.

स्वस्ताईच्या मर्यादा

तरीही 'स्वस्त' म्हणजे 'फुकट' नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. काही ठिकाणी काटकसर अंगलट येते. कमजोर चुंबकाने मोटार फिरत नाही आणि मुलाला वाटते की नियमच खोटा. ओरखडे पडलेल्या भिंगाने प्रतिमा मिळत नाही. विद्युतघट संपतात, तारा तुटतात, बल्ब जातात. ही दरवर्षीची भर आहे, तिला पैसे लागतात. आणि एका बाबतीत काटकसरीच्या नावाखाली धोका मुळीच पत्करू नये. घरातल्या विजेवर मुलांचा कोणताही प्रयोग करू नये. घट पुरेसे आहेत. जुन्या तापमापकातला पारा मुलांच्या हाती देण्याचे दिवसही आता संपले.

होशंगाबादमध्ये १६ शाळांचे काम दोनशेवर गेले तेव्हा हीच अडचण मोठी झाली. किट एकदा देणे सोपे, दरवर्षी संपलेल्या वस्तू भरून देणे कठीण. म्हणूनच त्या कार्यक्रमात किटइतकेच महत्त्व इतर गोष्टींना होते. शिक्षकांची उन्हाळी प्रशिक्षणे होती. दर महिन्याला शिक्षक एकत्र बसून कोणता प्रयोग फसला आणि का, ते बोलत. मुले चार-चारच्या गटांत काम करीत आणि स्वतःची निरीक्षणे स्वतःच्या वहीत लिहीत, कारण पुस्तकात उत्तरे छापलेलीच नव्हती. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची मुभा होती, आणि प्रयोगाची परीक्षाही होती. परीक्षेत प्रयोग नसेल तर वर्गात तो फार काळ टिकत नाही, हे आपणा शिक्षकांना वेगळे सांगायला नको. मुलांच्या शंकांना पत्राने उत्तर देणारा 'सवालीराम' नावाचा एक काल्पनिक मित्रही होता.

या कामासाठी १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली, आणि कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या इतर काही जिल्ह्यांतल्या शाळांतही पोचला. तीस वर्षे तो चालला. २००२ मध्ये राज्यशासनाने तो बंद केला. सगळ्या राज्याला एकच अभ्यासक्रम असावा, अशी भूमिका त्यामागे होती. परीक्षांच्या निकालांचीही चर्चा झाली. त्यावर तेव्हा देशभर मोठा वाद झाला. बाभळी मात्र जागच्या जागी होत्या, आणि दोरे, दगड, काड्याही कुठे गेल्या नव्हत्या. साहित्य होते तसेच राहिले आणि वर्गातले प्रयोग थांबले, कारण त्यांना सांभाळणारी व्यवस्था गेली. स्वस्त साहित्याचा सगळा इतिहास वाचल्यावर माझ्या मनात सर्वांत जास्त ठसते ती ही गोष्ट.

नवे कपाट

हा सगळा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. आता शाळांना पैसे अजिबात मिळत नाहीत असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. काही शाळांत मुले या साहित्यावर मनापासून काम करताना मी पाहिली आहेत, आणि ती पाहून आनंदही झाला आहे. पण एका शाळेत मला त्रिमितीय छपाईचे यंत्र अभिमानाने दाखवण्यात आले. त्यावर प्लॅस्टिकचे आवरण होते, आणि आवरणावर धूळ. "पाहुणे आले की काढतो," असे मला सांगण्यात आले. माझे काचेचे कपाट मला पुन्हा भेटले. कुलूप तेवढे नवीन होते.

दुसऱ्या बाजूला पुण्यात आयुकाच्या आवारात चाललेले मुक्तांगण विज्ञान शोधिकेचे काम आहे. तिथे गुप्तांनी अनेक वर्षे मुलांबरोबर खेळणी बनवली. खर्चाचा आकडा मोठा की लहान, यावर प्रयोग होतात की नाही हे ठरत नाही. वस्तू मोडण्याची मुभा मुलाला आहे का, आणि मोडलेली वस्तू भरून मिळण्याची खात्री शिक्षकाला आहे का, या दोन प्रश्नांवर ते ठरते.

म्हणून या लेखाच्या शेवटी नव्या प्रयोगांची यादी देण्यापेक्षा मी एक कार्यालयीन सूचना करतो. वैज्ञानिकाकडून ती थोडी विचित्र वाटेल. या सत्राच्या सुरुवातीला आपल्या मुख्याध्यापकांबरोबर बसा आणि दोन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, विज्ञानाच्या साहित्यात फुटणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तूंची वेगळी वही घाला. दोरा, घट, तारा, बल्ब, फुगे यांना डेडस्टॉकमध्ये जागा देऊ नका. दुसरी, जडसंग्रहातली एखादी वस्तू वापरताना मोडली, तर वर्षअखेरीस नियमाप्रमाणे तिचे निर्लेखन होईल आणि वसुली होणार नाही, हे लेखी करून घ्या. निर्लेखनाची तरतूद नियमांत असते. आपण तिचा उपयोग फारसा करत नाही, एवढेच.

हे झाले की मग कपाट उघडा. आतल्या वस्तूंपैकी निम्म्या बहुधा चालत नसतील. त्या मुलांना उघडून पाहू द्या. गॅल्व्हानोमीटरच्या आत एक चुंबक आणि तारेचे एक कडे असते, हे त्यांना तिथेच दिसेल. सेफ्टी पिनांवर फिरणारे कडे आणि काचेमागचा काटा यांच्यामागे एकच तत्त्व आहे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

सरांना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोरा आणि दगड तर तेव्हाही होता रे. तेवढं करता आलं असतं." मी म्हटले, "सर, तुम्हांला तसं कोणी सांगितलं नव्हतं." ते म्हणाले, "मग आता तू लिही." म्हणून हा लेख.